रुमाल राहू दे, त्या खोक्याचं बघू

मावशी,
आधीच सांगते, मला तू म्हणा. अहो-जाहो केलं की ऑफिसात बसल्यासारखं वाटतं. वय ४६. एकोणीस वर्षांच्या लग्नानंतर घटस्फोट झाला. मुलगी शिकायला हॉस्टेलवर गेली. केस चालू असतानाच मी बदली मागून घेतली आणि जिथे मला कुणी ओळखत नाही अशा शहरात भाड्याने राहायला आले, तिसरा मजला, सात महिने झाले.

पाच महिन्यांपूर्वी निकालाची कॉपी घेऊन परत आले त्या दिवशी स्टेशनवरून घरी येणाऱ्या बसमधे मला रडू फुटलं. अक्षरशः आवरेना. बस भरलेली होती, कुणी बघितलं नाही किंवा बघून न बघितल्यासारखं केलं. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी मात्र पर्समधून रुमाल काढला, माझ्या मांडीवर ठेवला, आणि दोन स्टॉपनंतर उतरून गेल्या. काय झालं विचारलं नाही, समजूत काढली नाही, काही नाही. मी मानसुद्धा वर केली नाही, त्यांचा चेहरापण मला नीट आठवत नाही. थँक्यू म्हणाले नाही. तो रुमाल धुवून इस्त्री करून ड्रॉवरमधे ठेवलाय. पांढरा आहे, कडेला निळी शिवण, कोपऱ्यात निळ्या दोऱ्याने हाताने भरलेला 'स'. तेव्हापासून दर गुरुवारी मी मुद्दाम तीच संध्याकाळची बस पकडते. त्या काही दिसत नाहीत. रुमालाचा फोटो नेटवर टाकून शोधू का? मला ते ओझं झालंय. मी आयुष्यात कुणाचे उपकार ठेवले नाहीत. लग्नात प्रत्येक गोष्टीचा हिशोब ऐकलाय, तुझ्यासाठी हे केलं, तुझ्या माणसांसाठी ते केलं, त्यामुळे बाहेर पडताना ठरवलं होतं की आता कुणाचं काही घ्यायचं नाही.

म्हणजे मी माणूसघाणी नाहीये. पण इथे राहायला आले त्या दिवशी लिफ्ट बंद होती, दुसऱ्या मजल्यावरचे काका न सांगता खाली आले आणि एक खोकं उचललं, तर मी म्हटलं, "नको, राहू दे, माझं मी बघते." जरा जोरात म्हटलं गेलं. त्यांनी खोकं तिथेच पायरीवर ठेवलं आणि गेले. आता जिन्यात भेटले की नुसती मान हलवतात. त्यांची बायको पण. मधे मला तीन दिवस ताप होता, कुणाला कळलंही नाही, पण ते जाऊ दे. पुस्तकांची तीन खोकी अजून तशीच आहेत, शेल्फ भिंतीला लावायचं राहिलंय.
तर रुमाल परत कसा करू ते सांगा.
– तिसऱ्या मजल्यावरची

*

बाई गं,

तू म्हणते. मलाही ते सोपं जातं.

रुमालाचं आधी उरकून टाकते, कारण त्यात फार काही नाहीये. परत करायची गरज नाही. रडून चिंब झालेला रुमाल परत मागणारं माणूस मी तरी अजून बघितलं नाही, आणि जी बाई रुमाल मांडीवर ठेवून दोन स्टॉपनी उतरून जाते ना तिने तो देतानाच सोडून दिलेला असतो. हाताने भरलेला 'स' होता म्हणजे कुणीतरी बसून ते काम केलंय, तिच्या आईने म्हण, बहिणीने म्हण, कदाचित तिनेच, आणि तरीही तिने तो दिला, म्हणजे हातात आला तो दिला, चांगला-साधा असं निवडत बसली नाही. फोटोबिटो नेटवर टाकू नकोस. एकतर तिला स्वतःला शोधून काढलेलं आवडेलच असं नाही (मला तर मुळीच आवडणार नाही), आणि दुसरं म्हणजे त्या फोटोखाली तुझी गोष्ट लिहावी लागेल, मग शंभर लोक तुला विचारतील की का रडत होतीस. एका बाईने जे विचारलं नाही ते शंभर जणांनी विचारायचं, असं का करायचं?

गुरुवारची बस मात्र सोड. इतर दिवशी हवं तर त्याच बसने जा, पण कामासाठी जा.

आता ते खोकं.

तुझ्या पत्रात रुमाल केवढी जागा घेऊन बसलाय आणि खोक्याला चार ओळी, तापाला एक ओळ, त्यातही "ते जाऊ दे". मी हे सदर बरीच वर्षं लिहितेय, माझा एक अनुभव आहे की लोक पत्रात जे जाऊ दे म्हणून सोडतात तिथेच खरी मेख असते. तीन दिवस ताप. एकटीने. खाली दुसऱ्या मजल्यावर दोन माणसं बसलेली आहेत जी एकदा न सांगता जिना उतरून आली होती, आणि तू त्यांना फोन करू शकली नाहीस, कारण नंबरच नाही, कारण त्या दिवशी तू "माझं मी बघते" म्हणालीस. हे मी तुला टोचायला म्हणत नाहीये हां. मला ते वाक्य चांगलं ओळखीचं आहे.

माझं सांगते. काही वर्षांपूर्वी पावसात ओल्या पायरीवरून घसरले आणि उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. मी पण तुझ्यासारखीच, आपला हात जगन्नाथ, आणि नेमका तोच हात गळ्यात अडकवलेला. घरी काय बाई, कसंतरी चालतं, दाताने पाकीट फाड, कोपराने दार ढकल, कुणी बघत नाही. पण बाहेर? एक दिवस बसस्टॉपवर बुटाची नाडी सुटली. डाव्या हाताने बांधून बघितली, जमेना, नाडीचं टोक पाण्यात लोळतंय, बस समोरून येतेय, आणि शेजारी दहावी-अकरावीतला एक मुलगा उभा. मी त्याला विचारलं का? नाही. मी नाडी बुटात कोंबायला लागले. तोच खाली बसला, काही न बोलता नाडी ओढली आणि अशी दुहेरी गाठ मारली की बास, माझ्या पायात कळ गेली. मी "असू दे रे, असू दे" म्हणतेय आणि तो बांधतोय. मग उठला, हात पँटला पुसले, आणि बसमधे माझ्या आधी चढला. हे आपलं मला आवडलं. माझ्या आधी चढला, म्हणजे मला हात द्यायला, आधी तुम्ही आजी वगैरे करायला थांबला नाही. काम झालं, विषय संपला.

घरी आल्यावर ती गाठ मला सुटेना. एका हाताने तर शक्यच नव्हतं. शेवटी बूट तसाच ओढून काढला आणि दुसऱ्या दिवशी तसाच घातला, आणि प्लास्टर निघेपर्यंत मी त्या मुलाने बांधलेला बूट रोज चढवला-उतरवला. तेव्हा मला रोज दोन मिनिटं अगदी ओशाळल्यासारखं व्हायचं आणि मग हसू यायचं. त्याचं मी कुठे काय फेडलं. त्याला आठवत पण नसेल.

तर तुझ्या रुमालाचं मला जे वाटतं ते असं, पटतंय का बघ. एकोणीस वर्षं तू अशा घरात राहिलीस जिथे दिलेल्या प्रत्येक गोष्टीची पावती फाडली जायची. तिथे घेणं म्हणजे मिंधं होणं. आणि मग एक बाई आली, तिने दिलं, आणि पावती न देताच उतरून गेली. तुझ्या हिशोबाच्या वहीत ही एन्ट्री बसतच नाहीये, म्हणून तू पाच महिने तिला शोधतेयस, खातं बंद करायला. ओझं रुमालाचं नाहीये गं, वहीचं आहे. आणि ती वही तू त्या घरातून बाहेर पडताना बरोबर घेऊन आलीस, पुस्तकांच्या खोक्यांसकट.

यात तुझी चूक आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. कुणी सतत उपकार मोजून दाखवले की माणूस हात मागे घ्यायलाच शिकतो, तो शहाणपणाच असतो तेव्हा. फक्त आता समोर ती माणसं नाहीत. आता समोर दुसऱ्या मजल्यावरचे काका आहेत ज्यांना बिचाऱ्यांना काही कल्पना नाही की आपण एक खोकं उचललं तर या बाईला एवढा राग का आला. त्यांच्या बाजूने बघ, ते घरी जाऊन बायकोला काय म्हणाले असतील? "वरच्या बाईंना आवडत नाही कुणी मधे आलेलं." झालं. म्हणून ती दोघं नुसती मान हलवतात. तुला वाटतंय ते रागावलेत. माझ्या मते ते तुझं ऐकतायत. तू राहू दे म्हणालीस, ते राहू देतायत.

आणि त्या दिवशी तू होतीस कुठल्या अवस्थेत तेपण बघ की. १९६७ साली थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोघा अमेरिकन डॉक्टरांनी आयुष्यातल्या ४३ बदलांची यादी करून प्रत्येकाला मार्क दिले होते, माणसावर किती ताण येतो त्याचे. नवरा किंवा बायको जाणं सगळ्यात वर, १००. घटस्फोट दोन नंबरला, ७३. मुलं घराबाहेर पडणं २९. राहतं घर बदलणं २०. गंमत म्हणजे लग्नालाही ५० आहेत, आणि सुट्टीवर जाण्यालाही १३, म्हणजे चांगल्या बदलाचाही भार येतो असं त्यांचं म्हणणं. मला असे मार्कबिर्क देणं फारसं पटत नाही, एकीचा घटस्फोट म्हणजे सुटका असते आणि दुसरीचा म्हणजे भूकंप, दोघींना ७३ कसे देणार. पण तुझी नुसती तीनच धरली तरी १२२ होतात, आणि तेवढं डोक्यावर घेऊन तू बंद लिफ्टसमोर खोकी मोजत उभी होतीस. आवाज जोरात लागला असेल तर लागला. त्यासाठी स्वतःला सात महिने कोपऱ्यात उभं करायचं कारण नाही.

बसमधल्या लोकांबद्दल पण एक सांगायचंय, कारण तू लिहिलंयस की कुणी बघितलं नाही आणि ते वाक्य तुला लागलेलं दिसतंय. १९७३ मधे डार्ली आणि बॅटसन नावाच्या दोन मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. प्रिन्स्टनमधे धर्मशिक्षण घेणारे ४० विद्यार्थी घेतले, शेजारच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण करायचं असं सांगितलं, आणि वाटेत दारात एक माणूस खोकत कण्हत पडलेला ठेवला. त्यातल्या काहींना तर भाषणाचा विषयच होता वाटेत पडलेल्या परक्या माणसाला मदत करण्याची बायबलमधली गोष्ट! ज्यांना भरपूर वेळ आहे असं सांगितलं होतं त्यातले ६३ टक्के थांबले, थोडी घाई असलेल्यांतले ४५, आणि उशीर झालाय पळा असं सांगितलेल्यांतले फक्त १० टक्के. भाषणाचा विषय कुठला होता त्याने म्हणावा असा फरक पडला नाही. घाईने पडला. तर संध्याकाळच्या भरलेल्या बसमधली माणसं दगडाची होती असं समजू नकोस, कुणाला उतरायचं होतं, कुणाचं डोकं दुसरीकडे, आणि काही जण असतीलच जे मनात म्हणत होते की विचारू का नको, उगाच आगाऊपणा वाटेल, आणि तोवर त्यांचा स्टॉप आला. मी स्वतः कितीदा तशी उतरलेय.

बरं, आता करायचं काय. तुला वाटत असेल मी सांगणार जा आणि काकांना सॉरी म्हण. नको म्हणूस. म्हणजे म्हणायचं तर म्हण, पण सात महिन्यांनी दारात उभं राहून "त्या दिवशी मी जरा..." असं सुरू केलंस की ते "छे छे, त्यात काय" म्हणणार, तू "नाही, खरंच" म्हणणार, ते परत "छे छे", आणि दोघंही घामाघूम होऊन आपापल्या मजल्यावर परत. काही बदलणार नाही.

त्यांच्याकडे काहीतरी माग.

हो, माग. दचकू नकोस. तुझ्याकडे शेल्फ आहे जे भिंतीला लागलेलं नाही, म्हणजे भिंतीला भोकं पाडायचीत, म्हणजे ड्रिल मशीन लागणार. दुसऱ्या मजल्यावर जाऊन बेल वाजव आणि विचार, "काका, तुमच्याकडे ड्रिल आहे का? मला शेल्फ लावायचंय." बास एवढंच. "तुम्हाला त्रास नको, पण, म्हणजे नसेल तर राहू दे, मी बघते कुठेतरी" ही शेपटी जोडायची नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही.

ही आयडिया माझी नाहीये. अठराव्या शतकात अमेरिकेतला पुढारी बेंजामिन फ्रँकलिन, त्याचा तिथल्या असेंब्लीमधे एक विरोधक होता, त्याने फ्रँकलिनच्या विरुद्ध लांबलचक भाषण केलेलं. फ्रँकलिनने ना त्याची हांजी हांजी केली ना भांडला. त्याने ऐकलं की या माणसाकडे एक दुर्मिळ पुस्तक आहे, तर चिठ्ठी पाठवली, काही दिवस वाचायला द्याल का. त्याने लगेच पाठवलं. आठवडाभराने मनापासून आभार मानून पुस्तक परत गेलं, आणि पुढच्या वेळी तो माणूस आपण होऊन बोलायला आला, आणि मग दोघांची मैत्री मरेपर्यंत टिकली, असं फ्रँकलिननेच लिहून ठेवलंय. पुढे १९६९ मधे जेकर आणि लँडी या संशोधकांनी हे तपासून बघितलं. एका स्पर्धेत जिंकलेले पैसे काही जणांकडे संशोधकाने स्वतः जाऊन परत मागितले, माझे खिशातले संपलेत, द्याल का म्हणून. ज्यांनी असे परत दिले त्यांना तो माणूस, पैसे न मागितलेल्यांपेक्षा, जास्त आवडला होता. काय डोकं असतं बघ माणसाचं. आपल्याला वाटतं मागितलं की समोरचा वैतागेल.

आणि नाही म्हणतील ही भीती असते ना, तीपण आपण फुगवून ठेवतो. २००८ साली फ्लिन आणि लेक यांनी कोलंबिया युनिव्हर्सिटीत लोकांना सांगितलं, बाहेर जाऊन अनोळखी माणसांकडून पाच फॉर्म भरून आणा, पण आधी सांगा की पाचासाठी किती जणांना विचारावं लागेल. लोक म्हणाले वीसेक. प्रत्यक्षात दहा-अकरा जणांना विचारल्यावर काम झालं. निम्म्यात! आणि ती रस्त्यावरची परकी माणसं होती. तुझे काका तर एकदा न मागता आलेले आहेत.

आता तू म्हणशील मावशी, ड्रिलपर्यंत ठीक आहे, पण मग ते विचारणार. मिस्टर कुठे असतात, मुलं किती. मला वाटतं तुझ्या "नको, राहू दे" मागे ही भीती पण बरीच होती, खोकं घेऊन माणूस घरात आला की घरात एकच टूथब्रश आहे हे दिसतं. तर त्याची तयारी करून जा. एकच वाक्य पाठ कर, "आमचं वेगळं झालंय, मी एकटीच असते, मुलगी हॉस्टेलला." सपाट आवाजात, हवामान सांगतात तसं. आणि मग गप्प बस. हे गप्प बसणं फार अवघड आहे बरं का, आपण लगेच भरायला जातो, म्हणजे ते चांगले होते पण, म्हणजे तसं काही नाही पण. नाही. एक वाक्य आणि फुलस्टॉप, पुढचं काय बोलायचं ते त्यांचं त्यांनी बघावं. बहुतेक माणसं "असं का, बरं बरं" म्हणून ड्रिलकडे वळतात. आणि एखादं खोदून खोदून विचारणारं निघालंच तर "सांगेन कधीतरी" म्हणायचं, म्हणजे दारही बंद होत नाही आणि आत यायलाही मिळत नाही.

एक गोष्ट उलट बाजूने पण बोलली पाहिजे. नव्या जागी एकटी राहणाऱ्या बाईने परक्या पुरुषाला जपून राहणं यात काहीही गैर नाही, तेव्हा "माझं मी बघते" हे वाक्य मी तुझ्याकडून काढून घेत नाहीये, ते ठेव, लागतं. ज्याची मदत अंगावर येते, जो एकदा पिशवी उचलून देतो आणि मग रोज दारात उभा राहतो, किंवा केलेलं दहा जणांना सांगत फिरतो, त्याला ते वाक्य सणसणीत ऐकवायचं. पण तुझ्या काकांनी काय केलं? नको म्हटल्यावर खोकं खाली ठेवलं आणि गेले. परत आले नाहीत, गळ घातली नाही, सात महिन्यांत एकदाही टोमणा मारला नाही. नको म्हटलेलं ज्याला कळतं तो माणूस बऱ्यापैकी भरवशाचा असतो, ही माझी आपली साधी कसोटी आहे, आणि ती मला अजून फारशी चुकलेली आठवत नाही. शिवाय घरात काकू आहेत. काका नको वाटत असतील तर बेल वाजवून काकूंना विचार. ड्रिल दोघांचं असणार.

नंबर पण घेऊन ठेव. तू कशाला म्हणून काही सांगायची गरज नाही, "तुमचा नंबर देऊन ठेवता का, लिफ्ट-पाण्याचं काही विचारायला बरं पडतं," एवढं पुरतं. पुढच्या तापाला तो असेल मग. आणि ताप आला तर फोन करायचा, तिसऱ्या दिवशी नाही, पहिल्या दिवशी. "मला ताप आहे, काही लागलं तर सांगेन" एवढा मेसेज टाकला तरी चालेल, कुणाला तरी माहिती आहे एवढ्यानेसुद्धा अंगातली अर्धी कणकण उतरते. (डॉक्टरकडे जायचंच, ते वेगळं.)

परतफेडीचं तुझ्या डोक्यात येणारच, मला माहितीये. ड्रिल आणलं म्हणजे आता त्यांच्यासाठी काय करू. काही करू नकोस. निदान लगेच नको. ड्रिल घेतलंस, काम झालं, पुसून परत दिलंस, थँक्यू म्हटलंस, इथे थांब. दुसऱ्याच दिवशी काहीतरी भेट घेऊन त्यांच्या दारात उभी राहिलीस तर ती भेट कसली, ती पावतीच झाली की. थोडे दिवस देणं लागत असल्यासारखं वाटेल, बोचेल, ते बोचू दे. शेजार म्हणजे तसाही कधीच न जुळणारा हिशोब असतो, कधी तुमच्याकडे थोडं जास्त, कधी त्यांच्याकडे, आणि ज्या दिवशी दोन्ही बाजू अगदी चोख बरोबरीत येतात त्या दिवसापासून एकमेकांची बेल वाजवायला कारण राहत नाही. पुढे कधीतरी त्यांच्या फोनचं काहीतरी अडेल, पासवर्ड, ओटीपी, कसलातरी ऑनलाइन फॉर्म, आणि काका चष्मा कपाळावर ढकलून तुझ्या दारात येतील. येतात. तोपर्यंत वाट बघ.

त्या बसमधल्या बाईला थँक्यू म्हणायचं राहिलं हे मात्र राहणारच, त्याला माझ्याकडे औषध नाही. मलाही त्या पोराला म्हणायचं राहिलं, मी तर वर "असू दे रे" म्हणत होते. कधी फारच वाटलं तर लिहून काढ तिला एक पत्र, पत्ता नसलेलं, आणि ठेव कुठेतरी पुस्तकात. आणि हो, ज्यांचा पत्ता आहे त्यांना लिहायला तर काहीच हरकत नाही, असतीलच ना कुणी, केस चालू असताना रात्री फोन उचलणारी मैत्रीण वगैरे. अशी आभाराची पत्रं लिहिणाऱ्यांना वाटतं की समोरच्याला अवघडल्यासारखं होईल, आणि ज्यांना ती मिळतात त्यांना त्यापेक्षा खूपच कमी अवघडतं आणि आनंद कितीतरी जास्त होतो, हे कुमार आणि एपली यांनी २०१८ मधे मोजून दाखवलंय. मला ते मोजायच्या आधीपासून माहिती होतं, मला वाचकांची पत्रं येतात.

रुमाल ड्रॉवरमधून काढ. इस्त्रीची घडी मोड आणि पर्समधे टाक, रोजच्या वापरातला म्हणून. नाक पूस, घाम पूस, शेल्फ लावताना उडालेली धूळ पूस. एखाद्या दिवशी बसमधे शेजारी कुणी रडत असेल आणि तुझा हात पर्सकडे गेला तर गेला, नाही गेला तर तुझा स्टॉप आला असेल, त्याचंही ओझं घेऊ नकोस. फक्त दिलास तर 'स' कुणाचा ते सांगत बसू नकोस.

ड्रिल मागायला शनिवारी किंवा रविवारी सकाळी जा, काका घरी असतील आणि दुपारी भिंत ठोकली म्हणून कुणाची झोपमोड नको. आणि तुला सांगून ठेवते, ते मशीन नुसतं हातात देणार नाहीत. अशा माणसांना ड्रिल नुसतं देताच येत नाही, ते म्हणणारच, "थांबा, मी येतो वर, भिंत कसली आहे बघायला पाहिजे." तेव्हा तुझ्या तोंडात ते नेहमीचं वाक्य येईल. ते गिळ आणि दार उघडं ठेवून बाजूला हो.

शेल्फ लागलं की कळव. वाकडं लागलं तरी कळव, आणि वाकडं लागलं तर त्यांच्यासमोर काही बोलू नकोस, पुस्तकं ठेवली की दिसत नाही.

– मावशी